आधी ‘व्ही टू’ पाठव, मग पुण्याचं बघू

ताई, मी चोपडा तालुक्यातला, वय 25. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई झालो आणि दोन वर्षांपासून जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आहे. आम्ही शेतपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो; परत आलेल्या स्टार्टरची पोती कोपऱ्यात पडून आहेत. फर्मवेअर म्हणजे स्टार्टरच्या चिपमधला प्रोग्रॅम. फर्मवेअर लिहिणारा मी एकटाच. पगार 18 हजार, गावाकडून येऊन-जाऊन करतो. पुण्याच्या एका वेब कंपनीची साडेचार लाखांची ऑफर आहे, पंधरा दिवसांत कळवायचंय. काम जावास्क्रिप्टचं. मला एम्बेडेड, म्हणजे यंत्रातल्या चिपांचं प्रोग्रॅमिंग, आवडतं, ओपन सोर्समध्येही (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांत) काही करावंसं वाटतं. सात महिन्यांपूर्वी लिनक्स कर्नलला (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला) एक छोटा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला होता. दोन ओळींचं उत्तर आलं: एचटीएमएल (सजवलेली) मेल चालत नाही, आणि हा बदल का केला ते लिहिलेलं नाही. मला फार लाजल्यासारखं झालं, पुन्हा काही पाठवलं नाही. इंग्रजीही कच्चं आहे. आप्पा म्हणतात, ‘पुनाले जाय, आठे काय शे?’ (पुण्याला जा, इथे काय आहे?) काय करू? (आणि आमच्या स्टार्टरमधलं मोडेम संध्याकाळीच का लटकतं, दुपारी नाही, हे तुम्हाला सुचलं तर सांगा; सध्या वॉचडॉग, म्हणजे अडकल्यावर आपोआप रीस्टार्ट करणारा टायमर, लावून चालवतोय.)
– एक वाचक

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा सदरवाली म्हणून आणि एकदा फर्मवेअरवाली म्हणून. तुझं मुख्य दुखणं तू वर मांडलंस आणि कंसात मोडेमबद्दल एक ओळ टाकलीस. ती ओळ वाचून माझे हात शिवशिवायला लागले. तिच्याकडे शेवटी येते, आधी पैशांचं.

साडेचार लाखांतले हातात महिन्याला तेहेतीस-चौतीस हजार पडतील. खोलीचा हिस्सा, मेस, पेट्रोल, महिन्यातून एकदा घरी येणं धरलं तर चौदा-पंधरा हजार सहज जातात. उरतात एकोणीस. आज तू 18 हजारांत घरची भाकरी खाऊन आहेस. हिशेब बरोबरीत सुटतो. पुढे तिकडचा पगार लवकर वाढेल हे खरं, आणि घरी कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर निमूट जा, त्यात कमीपणा नाही. पण पत्रात तसं कुठे दिसलं नाही. तेव्हा हा पैशांचा प्रश्न आहे असं स्वतःला सांगू नकोस.

मला तुझ्या पत्रात खटकलं ते दुसरंच. ‘फर्मवेअर लिहिणारा मी एकटाच’ हे तू थोडं अभिमानाने लिहिलंयस. मला त्याची भीती वाटते. दोन वर्षं तुझा कोड तुझ्याखेरीज एकाही माणसाने वाचलेला नाही. शेठला मोटर चालू-बंद झाली की पुरे, आणि शेतकरी ‘लाईट उनी का?’ एवढंच विचारणार.

माझी गोष्ट सांगते. मी यावल तालुक्यातली. पुण्यात एका कंपनीत होते, नाव कशाला घेऊ. ठिबकच्या व्हॉल्वचा कंट्रोलर बनवत होतो. लाईट गेली आणि परत आली तर ज्या व्हॉल्वचं पाणी अर्धवट राहिलं तिथूनच पुढे चालू व्हायला हवं, अशी मागणी होती. मी काय केलं, कोणता व्हॉल्व चालू आहे आणि किती वेळ उरलाय, हे दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहून टाकलं. टेबलावर सगळं झकास चाललं. प्लग काढा, लावा, काढा, लावा, दर वेळी बरोब्बर तिथूनच पुढे. मीच माझी पाठ थोपटली.

माल रावेरकडच्या केळीच्या बागांत गेला. तिसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले. कंट्रोलरला व्हॉल्व चारच, आणि पडद्यावर दिसतोय व्हॉल्व नंबर 255. मी वायरिंगला दोष दिला, इलेक्ट्रिशियनला दिला, विजांना दिला. बदली बोर्ड पाठवले, तेही तीन आठवड्यांत गेले.

शेवटी दुसऱ्या प्रोजेक्टवरचे एक सीनियर चहा घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. स्क्रीनकडे बघत एवढंच विचारलं, ‘हे लिहिणं लूपच्या आत आहे का गं?’ मी डेटाशीट उघडली. आमच्या एटीमेगा चिपच्या ईईप्रॉमची हमी 1 लाख वेळा लिहिण्याची. सेकंदाला एकदा लिहिलं तर 1 लाख सेकंद, म्हणजे जेमतेम 28 तास. शेतात लाईट दिवसाला आठ तास, म्हणजे साडेतीन दिवस. हा आकडा किमान हमीचा असतो, प्रत्यक्षात ती जागा त्याच्या काही पट टिकते, म्हणून घात चौथ्या दिवशी न होता तिसऱ्या आठवड्यात झाला. टेबलावर मी सलग 28 तास कधी चालवलंच नव्हतं. आणि 255 म्हणजे पुसलेल्या बाइटची किंमत. चिप पहिल्या फोनपासून मला पडद्यावर सांगत होती, ‘माझ्यात आता काही टिकत नाही’, आणि मी वायरमनशी भांडत होते.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. बदल झाला तरच लिहायचं. एकाच जागी न लिहिता नोंदी फिरवत ठेवायच्या: 1024 बाइटचं ईईप्रॉम, 16 बाइटची नोंद, म्हणजे 64 जागा, आणि आयुष्य 64 पट. लिहिता लिहिता लाईट गेली तर काय, याचं उत्तर मला यू-बूटच्या कोडमध्ये मिळालं. हा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम, आपली सेटिंग दोन प्रतींत ठेवू शकतो, प्रत्येकीला सीआरसी, म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा. एक प्रत अर्धवट राहिली तर दुसरी शाबूत. ते कुणी मला शिकवलं नाही. कोड उघडा होता, मी वाचला.

पाच मिनिटं माझा कोड वाचणारा एक माणूस दोन महिने आधी भेटला असता तर शंभरेक बोर्ड परत आले नसते. तुझ्या कारखान्यात तो माणूस नाही आणि शेठ तो नेमणारही नाहीत. तो तुला ओपन सोर्समध्ये भेटू शकतो, आणि फुकट. लोक ओपन सोर्सकडे समाजसेवा म्हणून बघतात, नाहीतर बायोडाटाला लावायची झालर म्हणून. तुझ्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे: तुझा कोड वाचणारी, तुझ्यापेक्षा जास्त चुका करून बसलेली माणसं.

आता त्या दोन ओळींकडे.

तू लाजलास, कारण तुला तो नकार वाटला. तो नकार नव्हता. नको असतं तर उत्तरच आलं नसतं. तुझ्या पॅचला कोणी नाव ठेवलेलं नाही. दोन गोष्टी मागितल्यात, साधी मेल आणि कारण. कामाच्या गर्दीतला माणूस असाच लिहितो. भुसावळ स्टेशनच्या चौकशी खिडकीवर ‘काशी कितीला?’ विचारलं तर आतला माणूस आधी तुझी विचारपूस करतो का? ‘पाच नंबर, दीड तास लेट’ म्हणतो आणि पुढच्याकडे बघतो. त्याचा राग येत नाही, मग याचा का?

म्हणून पहिलं काम, ऑफरचं उत्तर द्यायच्याही आधी: तोच पॅच ‘व्ही टू’, म्हणजे सुधारलेली दुसरी आवृत्ती, म्हणून पाठव. सात महिने झाले तरी चालतं. कोड पुढे सरकला असेल, तेव्हा ताज्या झाडावर (कर्नलच्या आत्ताच्या कोडवर) तो बसतो का ते आधी बघ, कदाचित दुसऱ्या कुणी तेवढ्यात तो बदल करूनही टाकला असेल. ब्राउझरमधून मेल लिहूच नकोस. ‘गिट सेंड-ईमेल’ बसव, ते गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधून) साधी मेल पाठवतं. जीमेल असेल तर त्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो, बहुतेक पोरं इथेच अडकतात आणि सोडून देतात. पॅच आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठव, आलेली मेल उतरवून ‘गिट एएम’ने लावून बघ. लागला, तर जगाला पाठवण्याजोगा. कोणत्या मेंटेनरला, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला, पाठवायचा ते ‘गेट-मेंटेनर’ नावाची स्क्रिप्ट सांगते, ‘चेकपॅच’ने कोडचं शुद्धलेखन तपासून घे.

कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या टिपणात) काय बदललं ते लिहीत बसू नकोस, ते खाली कोडमध्ये दिसतंच. आधी काय बिघडत होतं, कोणाला त्रास होत होता, आणि हाच उपाय का, ते लिही. व्ही वन आणि व्ही टू मधला फरक तीन आडव्या रेघांच्या खाली टाक, म्हणजे तो इतिहासात शिरत नाही पण वाचणाऱ्याला कळतो. उत्तर देताना समोरच्याच्या मजकुराखाली त्या-त्या ओळीला उत्तर दे. पाठवल्यावर आठवडाभर तरी गप्प बस. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि त्यातले पहिले दोन आठवडे मेंटेनर नवा माल आत घेण्यात बुडालेले असतात. त्या काळात तुझ्या मेलकडे कोणी बघितलं नाही तर पुन्हा लाजायला घेऊ नकोस.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. तिथे जर्मन, जपानी, ब्राझिलियन असे कितीतरी जण लिहितात, ज्यांची ती आईची भाषा नाही. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. अलंकारिक इंग्रजी लिहिलंस तर उलट लोक वैतागतील.

पण खरं सांगू का, कर्नलमध्ये मोकळ्या जागा आणि टॅब सरळ करत बसणं हे तुझं काम नाही. मेलची रीत शिकण्यापुरतं एकदा कर आणि सोड. तुझं काम तुझ्या टेबलावर पडलेलं आहे. तू पत्रात लिहिलंयस की परत आलेल्या स्टार्टरची पोती कोपऱ्यात आहेत. पोती! आणि आप्पा विचारतात ‘आठे काय शे?’

ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे खूप आहेत. खऱ्या हार्डवेअरवर, खऱ्या घाणीत तपासणारे कमी. म्युनिकमधल्या माणसाच्या टेबलावर स्वच्छ 230 व्होल्ट येतात. तुझ्याकडे डीपीपासून दूर, लाइनच्या शेवटच्या टोकाची लाईट आहे. संध्याकाळी ती कुठवर उतरते आणि मध्येच एक फेज कशी उडते, हे तुला तोंडपाठ आहे. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीच्या आत काय तापमान होतं ते तू हात लावून सांगशील. मेंटेनरकडे प्रत्येक बोर्ड नसतो. ‘मी हा पॅच अमुक बोर्डवर, अमुक व्होल्टेजला, इतके दिवस चालवला’ असं लिहून ‘टेस्टेड-बाय’ देणारा माणूस त्यांना हवा असतो. तीही हजेरी आहे, गिटच्या इतिहासात कायमची राहणारी.

मी तुझ्या जागी असते तर झेफिर धरलं असतं. 2016 पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेली ही छोट्या चिपांसाठीची प्रणाली. तिथे काम गिटहबवरून चालतं, म्हणजे मेलची कटकट नाही. लायसन्स अपाची, म्हणजे स्वतःचा कोड उघडा करायची सक्ती नाही, त्यामुळे शेठच्या पोटात गोळा येणार नाही. तुमच्या स्टार्टरमध्ये जे मोडेम आहे किंवा करंट मोजणारी जी चिप आहे, तिचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा कोड) तिथे आहे का बघ. असेल तर चालवून बघ, काहीतरी बिघडेलच. नसेल तर लिहायला घे. ड्रायव्हरसोबत डिव्हाइस-ट्रीचं, म्हणजे बोर्डवर कोणती चिप कुठे जोडली आहे त्याचं, वर्णन लिहावं लागतं, ते शिकायला दोन आठवडे जातील आणि त्या दोन आठवड्यांत तू मला शिव्या देशील. पण लिनक्सलाही तेच डिव्हाइस-ट्री लागतं, तेव्हा शिकलेलं वाया जात नाही. बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको घे, स्वस्त आहे, 264 किलोबाइट रॅम आहे, तुझ्या आत्ताच्या चिपच्या मानाने वाडाच म्हण. सोबत एक आठ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे सिग्नल टिपणारं यंत्र) घे आणि ते दाखवणारा सिग्रोक हा प्रोग्रॅम बसव. आयटूसीच्या, म्हणजे चिपांना आपसात जोडणाऱ्या, दोन तारांवर प्रत्यक्ष काय जातंय हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की अंदाजपंचे प्रोग्रॅमिंग आपोआप सुटेल.

एक गोष्ट मात्र शेठला विचारल्याशिवाय करू नकोस. पगाराच्या वेळेत, त्यांच्या बोर्डसाठी लिहिलेला कोड त्यांचा. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ शोभेची नाही. 2004 पासून कर्नलमध्ये तिचा अर्थ ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ असा आहे, आणि तो तू तुझ्या नावाने लिहून देतोस. तेव्हा शेठसमोर बस आणि सांग: स्टार्टरचं लॉजिक आपलं, ते बाहेर जाणार नाही. मोडेमचा ड्रायव्हर सगळ्यांचा. तो बाहेर गेला तर दुसरे लोक त्यातल्या चुका काढतील आणि आपला फुकट फायदा. हो म्हणाले तर एक ओळीची मेल मागून घे. तोंडी ‘हो रे, कर’वर विसंबू नकोस. नाही म्हणाले, तर घरी, स्वतःच्या पिकोवर, दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर कर.

पुण्याचं म्हणशील तर मी तुला तिथे जाऊ नको म्हणत नाहीये. आज, या कामासाठी जाऊ नको म्हणतेय. पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं काम आहे. तिथे कॅन बस, मिस्रा सी, ऑटोसार हे शब्द रोज कानावर पडतील आणि तुझा कोड वाचणारी चार माणसं खुर्चीमागे असतील. त्या दारातून आत जायला साधारण दिवाळीपर्यंतची तयारी कर. वेबचं काम वाईट नाही, माझा भाचा तेच करतो आणि सुखात आहे. पण दोन वर्षं तिकडे गेल्यावर एम्बेडेडकडे परत येताना तुला पुन्हा नवखा म्हणून रांगेत उभं राहावं लागेल.

मी मुलाखती घेणाऱ्या बाजूलाही बसले आहे. सर्टिफिकेटांची चवड आणणारे खूप येतात. मी सी भाषेतल्या एका खुणशब्दाबद्दल विचारते, ‘व्होलाटाइल कधी लावतोस?’ उत्तर येतं, ‘इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला.’ बरोबर. मग विचारते, ‘आठ बिटच्या चिपवर 16 बिटचा काउंटर आहे, व्होलाटाइल लावलाय. पंप किती मिनिटं चालला ते त्यात मोजतोय. 255 वरून 256 होताना कधीतरी तो एकदम 511 का दिसतो?’ इथे खोलीत शांतता. चिप तो आकडा दोन घासांत वाचते, दोन घासांच्या मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवणारं तातडीचं काम) घुसला की अर्धा जुना, अर्धा नवा. व्होलाटाइलने हे थांबत नाही, वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करावा लागतो. हे ज्याने भोगलंय तो लगेच हसतो. आणि एखाद्याने आपल्या पॅचचा दुवा दिला, की मी कोडच्याही आधी व्ही वन ते व्ही फोरमधली बोलणी वाचते. टोकल्यावर हा माणूस काय करतो, ते तिथे दिसतं. तुझ्या नावापुढे आज व्ही वन आहे आणि सात महिन्यांची शांतता.

शिकण्यासाठी पैसे मिळतील अशीही सोय आहे. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे आणि 2022 पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. झेफिर, लिनक्सवाल्यांची मेंटॉरशिपही असते. पण अर्ज करायच्या आधी त्या प्रोजेक्टमध्ये चार-सहा छोटी कामं झालेली असू देत, नाहीतर गर्दीत अर्ज हरवतो.

आप्पांना काय सांगायचं? विप्रोची सुरुवात 1945 साली आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, हा दाखला देऊ नकोस. तो प्रत्येक सत्कार समारंभात ऐकून त्यांचे कान किटले असतील. त्यांना एखाद्या संध्याकाळी तुझ्या शेतातल्या स्टार्टरची पेटी उघडून दाखव आणि सांग की यात मी काय लिहिलंय. माझ्या वडिलांना मी पंधरा वर्षं काय करते ते कळलं नव्हतं. आमच्याच विहिरीवर मी केलेला बोर्ड बसवला त्या दिवशी कळलं. तेव्हाही ते एवढंच म्हणाले, ‘मग हे मोटर जळायचं थांबेल ना?’ त्यांच्यापुरतं ते प्रशस्तिपत्रच. आप्पांना तारीखही दे: दिवाळीपर्यंत बघतो, नंतर पुण्यात याच कामाची नोकरी शोधतो. मोघम ‘बघू’ म्हटलंस तर घरात रोज तोच विषय निघेल आणि त्यात लग्नाचाही निघेल.

आता तुझं मोडेम.

संध्याकाळीच लटकतं, दुपारी नाही, आणि तू वॉचडॉग लावून ते रीस्टार्ट करून घेतोस. वॉचडॉग राहू दे, पण तो दुखणं झाकतोय. माझा संशय सप्लायवर आहे. टू-जी मोडेम सतत बोलत नाही, तुकड्यातुकड्याने बोलतं: दर 4.6 मिलिसेकंदाला साधारण अर्धा मिलिसेकंद, आणि त्या अर्ध्या मिलिसेकंदात 2 अँपिअरपर्यंत ओढतं. टॉवर लांब असेल तर पूर्ण ताकदीने. संध्याकाळी लाईट उतरते, तुमचा ट्रान्सफॉर्मर आधीच दमलेला, त्यात मोडेमने हा हिसका दिला की त्याच्या पायांवरचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं. मल्टिमीटरला हे कधीच दिसणार नाही, तो सरासरी दाखवतो, छान 4 व्होल्ट. कॉलेजच्या लॅबमधला डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) एक दिवस मागून आण, सरांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. प्रोब मोडेमच्या सप्लायच्या अगदी पायाशी लाव, ग्राउंडची क्लिपही तिथेच, लांब नको. ट्रिगर 3.5 व्होल्टला, उतरत्या बाजूने, आणि संध्याकाळी सहा ते आठ बसून राहा. खड्डा दिसला तर मोडेमला चिकटून 1000 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लाव आणि तिथवर जाणारा ट्रॅक जाड कर. खड्डा दिसला नाही तर माझा अंदाज चुकला, मग सिरियलचा लॉग बघू.

दोन्हीपैकी काहीही झालं तरी डीएसओच्या पडद्याचा फोटो पाठव. आणि त्याच मेलमध्ये व्ही टू कोणत्या तारखेला पाठवलास तेही लिही.

– ताई